वरून न दिसणाऱ्या ताली

कचेरीच्या व्हरांड्यात नकाशा लावला त्या दिवशी आम्ही सकाळीच निघालो, पण अर्धं गाव आमच्या आधी तिथे पोचलेलं होतं. नकाशा भिंतभर होता. नुसत्या रेघांचा नव्हता. खाली आकाशातून काढलेला खराखुरा फोटो आणि त्यावर पिवळ्या रेघांनी ज्याची त्याची जमीन आखलेली. लोक आपापलं छप्पर शोधत होते आणि सापडलं की उगाचच हसत होते. दूधवाल्याला आपल्या पत्र्यावर टाकलेलं जुनं टायर दिसलं, तो ते येईल त्याला दाखवत सुटला होता.

आईने आधी ओढा शोधला. मग ओढ्याचं वळण, वळणावरचा मोठा खडक, खडकापासून आमचं घर. बोट नकाशाला न टेकवता ती ओढ्यापासून वर वर सरकवत गेली आणि मध्येच थांबली.

"आपल्या ताली कुठायत?"

मी पुढे होऊन पाहिलं. ओढा आणि काकांचं सपाट शेत यांच्या मध्ये एक हिरवट डाग होता, ओल्या कापडाने पुसल्यासारखा. त्यात एकही रेघ नव्हती. काकांच्या शेताची पिवळी रेघ तो डाग पोटात घेऊन थेट ओढ्यापर्यंत उतरली होती.

त्या डागात आमची सगळी जमीन होती. जमीन म्हणजे ओढ्याकडे उतरणारी एक उभी कड. तिच्यावर बाबांनी दगडाच्या भिंती रचल्या, मागे माती भरली आणि पायऱ्यांसारख्या अरुंद पट्ट्या काढल्या. त्या भिंतींना आम्ही ताली म्हणतो. पट्ट्यांवर लिंबाची झाडं, झाडांखाली घेवडा आणि कांदे. आजोबांनंतर बाबांनी आणि काकांनी जमीन वाटून घेतली ती तोंडीच. काकांचा डावा गुडघा लहानपणापासून अधू, म्हणून वरचं सपाट शेत त्यांना, कड बाबांना. कागदावर दोघांचं एकत्रच राहिलं. त्याने कधी काही अडलं नाही. आता मात्र सगळ्या गावाचे जुने कागद रद्द होणार होते आणि या नकाशात ज्याच्या रेघेत जे असेल ते त्याचं होणार होतं. हरकत घ्यायला महिनाअखेरपर्यंत मुदत होती. बाबा थंडीत गेले. सांगायला ते नव्हते.

"वहिनी," दूधवाला मागून म्हणाला, "सगळ्या गावाने चुना जमिनीवर टाकला. तुम्ही भिंतींना फासलात. ड्रोन काय ओढ्यातून चालत येणार होता?"

लोक हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले.

झालं होतं ते असं. मोजणीच्या आधी दवंडीसारखी गाडी फिरली होती, की आपापल्या हद्दीवर चुना टाका, म्हणजे वरून दिसेल. लोकांनी बांधाबांधावर चुन्याच्या रेघा ओढल्या. मी तेव्हा शहरात, ग्रंथालयाच्या कामावर. आईने एकटीने बादलीत चुना कालवला आणि झाडूने एकेका तालीची समोरची बाजू रंगवून काढली, वरच्या तालीपासून ओढ्यातल्या तालीपर्यंत, घर सारवावं तशी. तिचं चूक म्हणवत नाही. ती कपडे धुते ओढ्यापलीकडच्या खडकावर. लग्न होऊन आल्यापासून तिने आपलं शेत पाहिलंय ते तिथून, खालून, समोरून. शेत म्हणजे तिच्या लेखी एकावर एक उभ्या भिंती. हद्द दाखवा म्हटल्यावर तिने भिंती दाखवल्या.

"शेत रंगवून झालं, आता घर कधी काढताय?" आणखी कुणीतरी म्हणालं.

काकू गर्दीतच होत्या. त्यांनी आईकडे पाहिलं नाही, नकाशाकडे पाहूनच म्हणाल्या, "कागदावर आलंय ते आलंय. आम्ही काही मागायला गेलो नव्हतो."

काका त्यांच्या मागे खांबाला टेकून उभे होते. ते जमिनीकडे बघत होते. बाबा गेल्यापासून ते आमच्याशी धड एक वाक्य बोलले नव्हते. बाबांना नेलं त्या दिवशी ते आले, कुंपणाशी उभे राहिले आणि तिथूनच चालू लागले. आईने ते मनात धरलं होतं. आताही ते काही म्हणतील म्हणून ती क्षणभर थांबली. मग पदर खोचून आत गेली आणि मी तिच्या मागे.

आत टेबलाशी बसलेली बाई माझ्यापेक्षा लहान असावी. उन्हाने नाकाचा शेंडा सोललेला, मनगटावर घड्याळाच्या जागी दोऱ्याने बांधलेलं पेन. ड्रोन तीच उडवायची. गावाने तिचं नाव पायलटबाई ठेवलं होतं आणि तिलाही ते चालत होतं.

"पायलटबाई, आमचं शेत खाल्लंत," आई म्हणाली.

"बसा काकू. कुठलं खाल्लं ते दाखवा आधी."

मी जागा सांगितली. तिने लॅपटॉप आमच्याकडे वळवला आणि तो हिरवा डाग मोठा करत नेला. लिंबाचे गोल शेंडे एकमेकांना चिकटलेले, मध्येमध्ये काळ्या सावल्या. ती पडद्याजवळ वाकली.

"इथे भिंती आहेत?"

"भिंतीच आहेत," आई म्हणाली. "पुरुषभर उंच. चुना लावलाय वर."

"कुठे लावलाय?"

"भिंतीला. समोरून."

मला वाटलं आता हीसुद्धा हसणार. ती हसली नाही. तिने मान खाली घातली आणि डोक्यावर हात ठेवला. "काकू, मी अशी बसलेय आणि तुम्ही बरोबर माझ्या डोक्यावर उभ्या आहात. काय दिसेल तुम्हाला?"

"भांग दिसेल. वाकडा आहे."

"नाक दिसेल?"

"नाक कसं दिसेल?"

"तेच झालंय. कॅमेरा सरळ खाली बघत होता. उभी भिंत त्याला दिसतच नाही, फार तर एक रेघ दिसते. इथे तीही झाडांनी झाकली. त्यामुळे वरपासून खालपर्यंत एकच उतार समजून रेघ ओढली गेली."

"मग आता?"

"कॅमेरा तिरका करता येतो. चारी बाजूंनी, समोरून फोटो घ्यायचे. मग भिंती उभ्या राहतात." ती माझ्याकडे वळली. "हरकत लिहून द्या. परवानगी काढून मी पुढच्या आठवड्यात येते. पण भिंतींवर वेली असतील तर मला वेलीच दिसतील. त्या काढा. आणि शेजारचा खातेदार हवा. हद्दीवर चालून त्याने म्हणायचं की माझं इथे संपतं. त्याच्याशिवाय माझ्या फोटोंना अर्थ नाही. शेजारी कोण?"

आईने माझ्याकडे पाहिलं.

"माझे काका," मी म्हणाले.

"मग सोपंच आहे," पायलटबाई म्हणाली.

मी हरकत लिहून दिली. वाटेत आई झपझप पुढे चालत होती. फाटकाशी आल्यावर म्हणाली, "तू जाऊन सांग त्यांना. मी नाही जाणार."

मी संध्याकाळी गेले. काका गोठ्यात खाली बसून दावं वळत होते. मी सांगितलं ते त्यांनी ऐकून घेतलं. काकू दारातून म्हणाल्या, "आणि हे नाही आले तर?" काकांनी दाव्याला एक पीळ दिला, ताणून पाहिला, आणि म्हणाले, "कधी येणार आहे ती?"

"पुढच्या आठवड्यात. दिवस कळवेल."

"बरं."

धड होही नाही, धड नाहीही नाही. घरी येऊन मी आईला तेच सांगितलं. "बरं म्हणजे काय बरं?" तिने विचारलं. मला सांगता येईना.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही वेली काढायला लागलो. लांबून त्या नाजूक दिसतात. हात घातला की कळतं. दगडांच्या फटीत मुळं रोवून बसलेल्या, ओढल्या की वेलीबरोबर दगड हलतो. म्हणून ओढायच्या नाहीत, विळ्याने बुंध्याशी कापायच्या, वाळू द्यायच्या आणि मग अलगद सोडवायच्या. हे आईला ठाऊक होतं. मला पहिल्या फटक्यात एक चीप, फटीत ठोकलेला दगडाचा चपटा तुकडा, निसटून पायावर पडल्यावर कळलं.

लिंबाचे काटे दंडाला ओरबाडत होते. आईने दुपारी बाबांचा जाड बाह्यांचा शर्ट आणून दिला. "घाल. नाहीतर उद्या हात उचलायचा नाही." बाह्या माझ्या बोटांच्या पुढे येत होत्या. मी त्या दुमडल्या. कॉलरच्या आत मळाची एक रेघ होती, धुऊनही न गेलेली. मी बटणं लावली आणि परत तालीशी गेले.

काम करता करता बाबांची रचण्याची रीत दिसू लागली. आयुष्यभर मी त्या भिंतींवर बसून पुस्तकं वाचली होती, पण त्या इतक्या जवळून कधी पाहिल्या नव्हत्या. दगड नुसता दर्शनी ठेवलेला नाही. दर हातभर अंतरावर एक लांब दगड आत, मातीत खुपसलेला, बाहेर फक्त त्याचं तोंड. कुठेही उभी फट सरळ खाली गेलेली नाही. भिंत किंचित मागे झुकलेली, पाठ टेकून बसलेल्या माणसासारखी. ज्या ठिकाणी ती झुकायची थांबून पुढे फुगते, तिथे तिचं पोट सुटलं म्हणतात. तिसऱ्या तालीला लिंबाच्या मुळांनी थोडं पोट सुटलं होतं. आई तिथे थांबून तळहाताने दाबून बघायची आणि पुढे जायची.

सर्वात खालच्या, ओढ्यातल्या तालीचं पोट त्याहून मोठं होतं. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी ते दिसलं तेव्हा बाबा म्हणाले होते, उन्हाळ्यात उकलून नव्याने रचू. त्यांना उन्हाळा मिळाला नाही. ती ताल फुटली तर तिच्यावरची दुसरी, मग तिसरी, सगळी कड पत्त्यांसारखी खाली येईल, हे आईला कळत होतं. पण त्या तालीवर वेल धरत नाही, खाली नुसता कातळ. तेव्हा नकाशापुरतं तिथे उतरायचं कारण नव्हतं, आणि धुण्याच्या खडकावरून तिचा मधला भाग काठच्या झुडपांआड जातो. "आधी शेत आपलं होऊ दे," आई म्हणाली. "मग पोटाचं बघू."

कामाचे दिवस एकसारखे गेले. सकाळी तालींवर सावली असायची, दगड गार लागायचे. दुपारनंतर ऊन समोरून यायचं आणि चुना डोळ्यांवर येईल इतका पांढरा व्हायचा. आई कमी बोलायची. माझ्या हाताला फोड आले तेव्हा तिने ते पाहिले आणि म्हणाली, "पुस्तकांची पानं उलटून असे येत नाहीत वाटतं." मी म्हटलं, "जाड पुस्तकं असली की येतात." ती बऱ्याच दिवसांनी हसली.

एकदा दुपारी मी वरच्या तालीच्या पायथ्याशी वाकले होते. वरून खडे घरंगळले. मान वर केली तर कडेवर काका उभे. मला पाहून ते दचकले. वरून त्यांना नुसता शर्टच दिसला असणार, वाकलेली पाठ आणि दुमडलेल्या बाह्या. त्यांचं तोंड उघडलं होतं, एक शब्द अर्धा बाहेर आला होता. दादा, असं ते बाबांना म्हणायचे. त्यांनी तोंड मिटलं.

"काय काका?"

"काही नाही," ते म्हणाले. "विळा जपून." आणि लंगडत निघून गेले.

संध्याकाळी मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "किती साफ झालं ते बघायला आले असतील. त्यांच्या नावाचं आहे ना आता."

ठरल्या दिवशी पायलटबाई दुपारनंतर आली, ऊन तालींवर समोरून पडेल अशी वेळ साधून. पाठीवर मोठी पेटी, हातात काळ्यापांढऱ्या चौकोनांच्या चटया. बुद्धिबळाच्या पटाचा तुकडा कापावा तशा. "या माझ्या खुणा," ती म्हणाली. "प्रत्येक पट्टीच्या कडेला एकेक अंथरायची, वर दगड ठेवायचा. मी यंत्राने त्यांची जागा मोजते, म्हणजे फोटो जमिनीला नेमके बसतात." आम्ही अंथरत होतो तोवर दूधवाला ओढ्यापलीकडे येऊन उभा राहिला होता. त्याच्यामागे आणखी दोघेचौघे. गावात फुकटची करमणूक क्वचितच.

काका आले. काकू बरोबर. दोघं वरच्या शेताच्या कडेवर उभे राहिले. आईने त्यांच्याकडे पाहिलं आणि पाठ फिरवली.

ड्रोन उठला तेव्हा कानात मधमाश्या शिरल्यासारखा आवाज झाला. तो आधी उंच गेला, मग ओढ्याच्या बाजूला सरकला आणि तिथून कडेसमोर येऊन हवेत थांबला. पोटाखालचा कॅमेरा हळूच वर वळला. कुणी मान उचलून आपल्याकडे बघावं तसं वाटलं. आई नकळत ताठ उभी राहिली आणि तिने केस सारखे केले.

"आई, तुझा फोटो नाही काढत."

"मग मध्ये मी आलेच ना?" ती म्हणाली. दूधवाला पलीकडून ओरडला, "वहिनी, हसा!"

ड्रोन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला, परत आला, खाली उतरून पुन्हा गेला. बॅटरी बदलली. मग ओढ्याच्या वरच्या अंगाने, मग खालच्या अंगाने. शेवटी तो चटईवर उतरला तेव्हा सगळ्यांचे कान रिकामे झाल्यासारखे वाटले.

पायलटबाईने पडद्यावर सावली येईल अशी ओढणी धरली आणि आम्हाला बोलावलं. काकांनाही हाक मारली. त्यांना यायला वेळ लागला, गुडघ्यामुळे. तिने फोटो उघडला.

"हे बघ," आई म्हणाली. माझा हात तिने घट्ट पकडला होता. "हेच. खडकावरून अस्संच दिसतं."

एकावर एक पांढऱ्या भिंती. प्रत्येकीवर लिंबांची रांग, झाडांखालून घेवड्याच्या काठ्या. कुठली पट्टी कुठे संपते आणि कुठली सुरू होते हे विचारायची गरजच नव्हती. सगळ्या गावाने टाकलेल्या चुन्याच्या रेघा कधीच पुसून गेल्या होत्या. आईचा चुना मात्र उभ्या दगडावर होता, तिथे पाय पडत नाहीत.

"तुमचा चुना कामाला आला काकू," पायलटबाई म्हणाली. "दगडाला दगड जुळवायला सोपं जाईल." मग तिने एक फोटो मोठा केला. "ही सर्वात खालची. हिला मधेच चुना लावायचा राहिला का?"

ओढ्यातल्या पांढऱ्या तालीच्या मधोमध एक मोठा राखाडी भाग होता. आई वाकली. "राहिला नाही. सगळीला लावला होता मी. पोट सुटलं होतं तिथे तर दोनदा लावला."

"पोट कुठेय?" मी विचारलं.

पोट नव्हतं. त्या जागी भिंत सपाट होती, किंचित मागे झुकलेली. आणि रचणीत दर हातभर अंतरावर लांब दगडाची तोंडं.

काकू पटकन म्हणाल्या, "म्हणूनच पहाटे उठून जात होतात होय? मला म्हणे गुडघ्याला चालणं चांगलं!"

काका पडद्याकडे बघत राहिले. "ओढ्याच्या वाटेने जाता येतं," ते म्हणाले. "बसून बसून."

मला वाटलं आई आता निवळेल. पण तिचा चेहरा लाल झाला. "म्हणजे आधीपासूनच आपलं समजून कामाला लागलात, भाऊजी? विचारावंसंही वाटलं नाही?"

"वहिनी—"

"त्यांनी उभं आयुष्य घातलं या कडेवर. तुम्ही कुंपणातून आत आला नाहीत त्यांना नेलं तेव्हा. आणि ओढ्यातून येऊन भिंती रचता?"

काकांनी दोनदा तोंड उघडलं. शब्द बाहेर यायला वेळ लागला. "आत आलो असतो तर तुमच्याशी काय बोललो असतो? दादा म्हणाला होता, ती भिंत मी उकलतो, तू दगड दे. उन्हाळा लागला. उकलणारा नाही. फुटली असती तर माझं शेतही खाली आलं असतं." ते थांबले. "मला बोलता येत नाही, वहिनी. तुम्हाला माहीत आहे. दगड ठेवता येतो."

"नकाशा लागला त्या दिवशी तरी बोलायचं."

"सगळ्यांसमोर?"

ते इतक्या खरेपणाने घाबरून म्हणाले की पायलटबाईला खोकला आला. तिने पेन सोडवलं आणि म्हणाली, "काका, तुम्हाला फार बोलायला लागणार नाही. नुसतं चाला. तुमचं जिथे संपतं तिथे थांबा."

काका वर गेले. आपल्या शेतातून ते कडेकडे चालत आले, लंगडत, नजर खाली. आईने माझा हात सोडला नव्हता. काका वरच्या तालीच्या माथ्यावर आले आणि थांबले. मग बसले, एक पाय खाली सोडला, दुसरा हाताने उचलून खाली घेतला, आणि घसरत घसरत त्या तालीच्या पायथ्याशी उतरले. पाठ भिंतीला लावून उभे राहिले.

"इथे," ते म्हणाले. "ही भिंत धरून वरचं माझं. खालचं सगळं दादाचं. वहिनींचं."

आईने श्वास सोडला. मला तो खांद्यावर जाणवला. आणि लगेच ती पुढे झाली.

"भिंत धरून कसं? भिंत आमची."

"माती माझ्या शेताची धरते ती."

"रचली कुणी?"

"म्हणून काय पडली तर तुम्ही उचलणार?" काकांचा आवाज चढला. "ही सर्वात उंच आहे. हिचा एकेक दगड दोन माणसांचा. माझ्याकडे राहू द्या. दुरुस्ती मी करीन."

"त्यांच्या हातची पहिली भिंत आहे ती. ती देणार नाही. काय वाटेल ते करा."

पायलटबाई पडदा हातात धरून दोघांकडे आळीपाळीने बघत होती. "मी इतक्या गावांत फिरले," ती मला हळूच म्हणाली, "भिंतीवरून भांडतात ते पलीकडच्याने दुरुस्त करावी म्हणून. हे काय आहे?" मग मोठ्याने, "अहो, वरून काढलेल्या फोटोत हा प्रश्नच नव्हता! तिथे माथा आणि पायथा एकच रेघ. आता भिंत दिसायला लागली तर तुम्ही भिंतीवरून जुंपलात."

"तुम्हीच दाखवलीत," आई म्हणाली.

"सामाईक लिहू? तशी सोय आहे. भिंत दोघांची."

काकांनी मागे हात नेऊन दगड चाचपला. आई म्हणाली, "दोघांची म्हणजे दुरुस्तीलाही दोघं?"

"दोघं."

"एकट्याने पहाटे उठून जायचं नाही?"

"नाही," काका म्हणाले.

"मग लिहा." आणि पायलटबाईने पट्ट्या कुणाच्या नावाने लावायच्या विचारलं तेव्हा आई सवयीने "त्यांच्या" म्हणायला गेली, थांबली, आणि मग म्हणाली, "माझ्या. आणि हिच्या." काकू वरून उतरून आल्या होत्या. त्यांनी आईच्या पाठीला लागलेला वेलीचा तुकडा झटकला आणि म्हणाल्या, "मी मेली तेव्हा उगाच बोलून गेले." आई म्हणाली, "उगाच कशाला, चांगलं रागाने बोललीस." दोघी तशाच उभ्या राहिल्या.

मी ग्रंथालयातून आणखी रजा मागून घेतली. पावसाआधी तिसऱ्या तालीचं पोट उकलायचं होतं. रोज सकाळी काका कडेच्या वाटेने येतात, आईच्या खांद्यावर हात ठेवून पट्टीपट्टीने खाली उतरतात. उकललेले दगड आम्ही जातीवार मांडून ठेवतो, लांब एकीकडे, चपटे एकीकडे, चिपांचा वेगळा ढीग. मी दगड देते, आई माती भरते, काका बसून रचतात. ते मला फारसं काही शिकवत नाहीत. दगड घेतात, हातात फिरवतात आणि बरेचदा परत देतात.

आज तसंच चाललं होतं. एवढ्यात दूधवाला ओढ्यापलीकडच्या खडकावर उभा राहून ओरडला, "वहिनी! नवा नकाशा लागलाय! मी बघून आलो! तुमच्या सगळ्या रेघा आल्यात! दिसतंय अगदी पायऱ्यांसारखं!"

माझ्या हातून दगड सुटता सुटता राहिला. मी आईकडे पाहिलं. तिने कपाळावरचा घाम दंडाने पुसला, मातीचा पट्टा कपाळभर उमटला. ती दूधवाल्याकडे वळली.

"पिवळ्या?"

"पिवळ्या!"

"बरं," आई ओरडून म्हणाली. "दुपारी येतो बघायला. हा दगड बसू दे आधी."

काकांनी माझ्याकडे हात केला. मी दिलेला दगड त्यांनी उलटासुलटा पाहिला आणि मान हलवली. "याला बूड नाही. तो दे, तुझ्या पायाशी आहे तो. लांबडा."

तो जड होता. मी दोन्ही हातांनी उचलला, आईने एक टोक धरलं, आणि आम्ही तो काकांच्या पुढ्यात, फटीच्या तोंडाशी आणला. काकांनी खांदा लावून आत सारला. मातीत घासल्याचा आवाज झाला, मग दगडाला दगड लागल्याचा. आईने वरून तळहाताने दाबून पाहिलं, मग दोन्ही हातांनी. तो हलला नाही.

"दुसरा," काका म्हणाले.